नववा प्रश्न

गिरीज,
३ जानेवारी १९९९

प्रिय दादा,

नाताळच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा फोनवर देऊन झाल्या, त्या परत लिहीत नाही. हे पत्र भांडायला लिहिते आहे. फोनवर भांडता येत नाही, कारण फोन पुढच्या खोलीत आणि पप्पा त्याच्या शेजारी राखणीला बसल्यासारखे बसलेले असतात.

परवा तू त्यांना काय सांगितलंस? तुझ्या कंपनीतल्या कुणाच्या तरी सासऱ्याची हीच तपासणी झाली आणि नळीने त्याचं आतडं फाटलं. हे एकाहत्तर वर्षांच्या माणसाला फोनवर सांगायचं असतं? त्यांना राजी करायला मला सहा आठवडे लागले होते. तू तीन मिनिटांत सगळं पाण्यात घातलंस. रिसीव्हर ठेवला आणि म्हणाले, "आपण नाय जानार."

तू तिकडे बहारीनला, म्हणून पुन्हा एकदा सगळं लिहिते. वर्षभर त्यांना शौचावाटे रक्त जात होतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मूळव्याध समजून स्वतःच मलम लावत बसले. नोव्हेंबरात केळीला पाणी सोडताना पाटातच बसले, उठता येईना. माझा नवरा तुला मऊ वाटतो ना? त्या क्लेमेंटनेच त्यांना खांद्यावर घालून घरी आणलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात! मग पार्ल्याच्या डॉक्टर जोगळेकरबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, मोठ्या आतड्यात दुर्बिणीची नळी घालून बघायलाच हवं, आत गाठ आहे की काय ते त्याशिवाय कळणार नाही.

धोक्याचं मी विचारलं नसेल असं वाटतं का तुला? शाळेत चाळीस पोरांना प्रश्न विचारून पोट भरते मी. बाई म्हणाल्या, नुसतं बघितलं तर आतड्याला छिद्र पडणं हजारात एखाद्याला होतं. आत कोंब, म्हणजे पॉलिप, सापडला आणि तो कापला तर रक्तस्राव शंभरात एखाद्याला होतो, तोही कधी कधी आठवड्याने. गुंगीच्या औषधाने वयस्कर माणसाचा श्वास मंदावू शकतो, म्हणून लक्ष ठेवतात. काहीच लपवलं नाही त्यांनी. आणि न बघता सोडलं तर काय, तेही सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. तुला कळतं.

एकवीस तारीख ठरली आहे. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध तांब्या तांब्याने प्यायचं आहे. आज पप्पा कसेबसे परत कबूल झाले, अट एकच, आधी फादरांनी घरी येऊन कपाळाला पवित्र तेल लावून रुग्णाभ्यंग करावा. म्हणजे बघ, तुझ्या गोष्टीने माणूस मरणाचीच तयारी करायला लागला. फादर हसले, म्हणाले, येतो.

परवानगी मागत नाही. फक्त कळवते आहे.

तुझी,
ॲनी

---

मनामा,
१३ जानेवारी १९९९

प्रिय ॲनी,

तुझं पत्र मिळालं. मास्तरीण झालीस म्हणून मोठ्या भावालाही पट्टीने मारायचं ठरवलंस वाटतं.

मी खोटं काही सांगितलं नाही. ज्या माणसाचा सासरा तो, तो माझ्याच स्टोअरमध्ये काम करतो. आतडं फाटलं, पोट उघडावं लागलं, पोटाला पिशवी लावली, चार महिने माणूस अंथरुणात. हजारात एक म्हणे! त्या हजारात आपला बाप असला तर बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांचं मी काय करू?

डॉक्टर लोकांना नवीन मशीन आलं की ते वापरायला माणूस हवा असतो. रक्त कमी आहे ना, मग रक्त वाढवायच्या गोळ्या द्या, बीट द्या, लिव्हर द्या. आपला आजा ऐंशी वर्षं जगला, त्याच्या पोटात कुणी नळी घातली होती? लाज नावाचीही काही गोष्ट असते. पप्पांसारख्या माणसाला असं आडवं करून… मला तर विचारच करवत नाही.

तुझी वहिनी थेरेसा म्हणते, ॲनीचं बरोबर आहे. तिला काय जातं म्हणायला, बाप माझा आहे.

तू ठरवलंच आहेस, तर मी इथून काय करणार? पण एक लक्षात ठेव. काही झालं तर मी तुलाच विचारीन.

कॉन्रॅड

---

गिरीज,
२ फेब्रुवारी १९९९

प्रिय दादा,

झालं. विचार आता.

फोनवर तुला जेमतेम दोन वाक्यं सांगता आली, बाकी तू ओरडलास. म्हणून नीट लिहिते.

एकवीस तारखेची तपासणी चांगली झाली. अर्धा तास लागला. पप्पांना काही आठवतही नाही. जागे झाले तेव्हा पहिला प्रश्न, "कधी चालू करनार?" आत एक कोंब निघाला, जांभळाएवढा. तो त्याच वेळी कापून तपासायला पाठवला. संध्याकाळी घरी आलो. दुसऱ्या दिवशी गॅसने पोट दुखलं, ते होणार असं सांगितलंच होतं. तिसऱ्या दिवशी भात-कालवण जेवले आणि वाडीत जाऊन पानवेलींना हात फिरवून आले.

सव्वीसला मी शाळेत झेंड्याला. पोरं रांगेत उभी, आणि क्लेमेंट फाटकातून धावत आत आला. राष्ट्रगीत चालू होतं म्हणून तो तिथेच सरळ उभा राहिला, चेहरा पांढराफटक. ते बावन्न सेकंद मी आयुष्यात विसरणार नाही.

घरी पोचले तर संडासाच्या पायरीवर पप्पा भिंतीला टेकून बसलेले. सगळीकडे रक्त. मला म्हणाले, "साफ करून घे, लोक येतील." क्लेमेंटच्या भाजीच्या टेंपोत गादी टाकून पार्ल्याला नेलं. सुट्टी होती म्हणून हायवे मोकळा मिळाला. तीन बाटल्या रक्त चढवलं. बाईंनी सुट्टीच्या दिवशी येऊन पुन्हा नळी घातली, रक्त वाहत होतं ती जागा शेकून बंद केली.

आता ते घरी आहेत. अशक्त आहेत, पण बरे आहेत.

एवढं रक्त का गेलं, त्याचं कारण बाई बघताहेत. शंभरात एकाला होतं, तसंच असेल.

तू ओरड. तुझा हक्क आहे. पण पुढच्या वेळी ओरडण्याआधी "पप्पा कसे आहेत" एवढं विचार. तू ते विचारलंच नाहीस.

ॲनी

---

मनामा,
१३ फेब्रुवारी १९९९

ॲनी,

पप्पा कसे आहेत ते विचारायची माझी हिंमत नव्हती. झालं समाधान?

मी सांगत होतो. सांगत होतो की नाही? तेव्हा तुझ्या हजारात एक आणि शंभरात एक चालू होतं. शंभरात एक म्हणजे आपला बाप टेंपोत गादीवर. त्या जोगळेकरबाईला मी सोडणार नाही. इथे कंपनीचा वकील ओळखीचा आहे. कापताना तिचा हात हलला असणार, नाहीतर पाचव्या दिवशी एवढं रक्त कसं येईल? तू म्हणतेस बाई कारण बघताहेत. चोरालाच चोरी शोधायला लावलीस! सगळे कागद जपून ठेव. फॉर्म कुणी भरला, सही कुणी केली, त्यात काय लिहिलं होतं, मला एकेक झेरॉक्स पाठव.

क्लेमेंट फोनवर म्हणाला, एप्रिलमध्ये परत तपासणी सांगितली आहे. डोकं फिरलंय का तुमचं सगळ्यांचं? एकदा मारता मारता राहिले, आता पूर्ण करणार? मी पप्पांना वेगळं पत्र टाकलं आहे. साफ लिहिलंय, कुणालाही हात लावू द्यायचा नाही, कॉन्रॅडची शपथ आहे. घरातला मोठा मुलगा मी आहे.

कॉन्रॅड

---

गिरीज,
२७ फेब्रुवारी १९९९

दादा,

तुझं पत्र पप्पांना मिळालं. चार घड्या करून त्यांनी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आहे, आणि आता मी काही बोलले की एकच उत्तर, "कॉन्रॅडने नाय म्हटलंय." जिंकलास तू.

आता तू काय जिंकलंस ते ऐक. कोंबाचा रिपोर्ट आला आहे. त्याच्या टोकाच्या पेशी बिघडायला लागल्या होत्या. अजून पुरता कॅन्सर नाही, पण त्या वाटेवर. मुळाशी थोडा भाग राहिला असावा असा बाईंना संशय आहे. आठ एप्रिलला, ईस्टरनंतरच्या गुरुवारी, आत बघून तो काढायचा. आत्ता काढला तर सुटले. नाही काढला, तर वर्षा-दोन वर्षांनी तू शपथ घालायला ये, पण तेव्हा ऐकायला कुणी असणार नाही.

फॉर्मची झेरॉक्स हवी आहे ना? पाठवते. सोबत जोडली आहे. चौदा प्रश्न आहेत, अक्षर माझं. नववा वाच. "रक्त पातळ ठेवणारी कोणतीही गोळी चालू आहे का?" मी लिहिलंय, नाही. बाईंनी तोंडीही विचारलं होतं, कुठली औषधं घेतात? मी म्हटलं, काही नाही हो, साधं क्रोसिनही घेत नाहीत.

रक्त चढवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सत्तावीस जानेवारीला, तिकडच्या नर्सने त्यांना सहज विचारलं, "आजोबा, सकाळी उठून काय काय घेता?" ते म्हणाले, "चाय, दोन पाव आनि कॉन्रॅडची गोली."

तुला आठवतं? पंच्याण्णवच्या नाताळात तू आलास, पलंगावर बॅग रिकामी केलीस. साबण, बाम, बदाम, टॉर्च, मला सेंट, क्लेमेंटला घड्याळ. आणि पप्पांना ती मोठी पांढरी बाटली. "रोज एक घ्या, रक्त पातळ राहतं, हार्ट अटॅक येत नाही, तिकडे सगळे म्हातारे घेतात." ती ॲस्पिरिन होती. दर वर्षी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर तू नवी बाटली पाठवत राहिलास. तीन वर्षं त्यांनी एक दिवस चुकवला नाही. बाटली शोकेसमध्ये, सेंटच्या रिकाम्या बाटल्यांशेजारी. मी रोज तिच्यावरची धूळ पुसत होते. मी! आणि "नाही" लिहून मोकळी झाले, कारण गल्फच्या बॅगेतून निघालेल्या वस्तूला आपल्या गावात कुणी औषध म्हणतच नाही. ते "आणलेलं" असतं. बिस्किटाच्या डब्यासारखं, आल्यागेल्याला दाखवायचं.

बाई म्हणाल्या, कळलं असतं तर दहा दिवस आधी बंद केली असती, मग एवढं रक्त बहुधा गेलं नसतं. आधीच रक्त जाणाऱ्या माणसाला ती द्यायचीच नव्हती. वर्षभर जे जात होतं त्यातही तिचा हात असणार. त्या मला एक शब्द रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हे मी तुला लिहिणार नव्हते. गेल्या पत्रात मुद्दाम गाळलं. माणूस परदेशात एकटा, त्याच्या जिवाला कशाला घोर, असं वाटलं. पण तू वकील शोधतो आहेस. शोध. त्याला सांग, एक बाटली बहारीनहून आली आणि एक "नाही" गिरीजहून गेलं. दोघांनाही कोर्टात उभं कर. मी येते, तूही ये.

आणि ती शपथ परत घे. पप्पांना तसं लिही. आजच्या आज लिही.

ॲनी

---

गिरीज,
१८ एप्रिल १९९९

चि. कॉन्रॅडला,

पप्पांचा आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. सातवीपर्यंतची शाळा आणि नंतर फक्त पानांचे भारे मोजले. पण आता लिहितो, कारण मला राग आला आहे.

ॲनीने तुला ते मोठं पत्र लिहिलं तेव्हा पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं. पाकीट चिकटवलं नव्हतं. मी वाचलं. मुलांची पत्रं बापाने वाचू नयेत, पण विषय माझं आतडं होता.

तुम्ही दोघं तीन महिने माझ्या पोटावरून भांडता आहात. ती म्हणते करायचं, तू म्हणतोस नाही करायचं. मला कुणी विचारलं का? माझं शरीर म्हणजे काय सामाईक वाडी आहे, बांध कुठे घालायचा ते तुम्ही ठरवायला? फॉर्म तिने भरला, शपथ तू घातलीस. मी नुसता आडवा झालो.

आता माझं चुकलं ते सांगतो. तू शपथ घातलीस म्हणून मी नाही म्हटलं, हे खोटं आहे. मी घाबरलो होतो. ते रक्त मी पाहिलं आहे, तुम्ही पाहिलं नाही तेवढं. मला परत तिकडे जायचं नव्हतं, आणि एकाहत्तर वर्षांच्या माणसाने भितो म्हणायचं कसं? म्हणून तुझं नाव पुढे केलं. मुलाचं नाव घेतलं की सगळे गप्प बसतात.

ईस्टरपर्यंत तुझं पत्र येईल म्हणून वाट पाहिली. तू फोन केलास तो क्लेमेंटशी हवापाण्याच्या गप्पा मारायला. माझ्याशी बोलला नाहीस. मग मी ठरवलं. आठ तारखेला गेलो. गोळी जानेवारीतच बंद केली आहे. फॉर्म ॲनीला मराठीत मोठ्याने वाचायला लावला, चौदाही प्रश्नांची उत्तरं मी दिली. बाईंनी धोके परत सांगितले, छिद्राचा, रक्ताचा, गुंगीचा. मी म्हटलं, समजलं, आणि सही केली. मूळ थोडं राहिलं होतं, ते काढलं. दहा दिवस झाले, रक्ताचा थेंब नाही. काल रिपोर्ट आला. चांगला आहे. वर्षाने परत बघायचं, मी जाणार आहे. तुला न विचारता.

गोळीचं मनाला लावून घेऊ नकोस, असं लिही म्हणून ॲनी सांगते. मी तसं लिहिणार नाही. लागू दे थोडं. मला काही दुखत नव्हतं, कॉन्रॅड. हार्टची मला भीतीही नव्हती. तू दिलीस म्हणून घेत होतो. तुझा फोन आठवड्यातून एकदा, तोही पैसे वाढतात म्हणून घाईत. गोळी रोजची होती. औषध आहे का विष आहे, मी कधी विचारलं नाही. बापाला काय होतंय ते न विचारता बाटल्या पाठवायच्या नसतात.

आता शेवटचं. बाईंनी विचारलं, मुलं किती, वयं काय? ज्याच्या बापाला असा कोंब निघाला त्याने चाळिशीनंतर स्वतःचं तपासून घ्यायचं असतं. ॲनीची तारीख सहा मे आहे, शाळेला सुट्टी लागली की. तुझं वय मी सांगितलं, पंचेचाळीस. बाई म्हणाल्या, मग उशीरच झाला.

तिकडे कर नाहीतर इकडे ये. शपथ घालत नाही. तुझं आतडं तुझं.

इनास, तुझा बाप

---

मनामा,
२९ एप्रिल १९९९

प्रिय ॲनी,

पप्पांचं पत्र मिळून चार दिवस झाले. थेरेसाने वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिली, कारण मी स्वयंपाकघरात उभा राहून रडत होतो आणि का ते सांगत नव्हतो. काल तिला सांगितलं. आज तुला सांगतो.

गेल्या ऑगस्टपासून मला रक्त जातंय. नोव्हेंबरात कंपनीच्या डॉक्टरने हीच तपासणी सांगितली. तारीख दिली, मी बदलली. पुन्हा दिली, पुन्हा बदलली. ऑफिसात स्टॉक-टेकिंग आहे म्हणून सांगितलं. आणि बरोबर तेव्हाच तू फोनवर म्हणालीस, पप्पांना कोलोनोस्कोपी सांगितली आहे. पप्पांना करावी लागली, तर मलाही करावी लागणार. त्यांना नको असली, तर मलाही नको. इतकंच होतं माझं डोकं. तुम्हाला अडवत होतो ते त्यांच्यासाठी नव्हतं.

आणखी एक आहे. ते लिहायला हात चालत नाही, पण लिहितो. सव्वीस जानेवारीला तुझा फोन आला, तू रडत होतीस, आणि मला पहिल्यांदा काय वाटलं माहीत आहे? बरं वाटलं. बघा, मी म्हणत होतो. आता मला कुणी जा म्हणणार नाही. एक क्षणच, पण वाटलं. बाप तिकडे रक्तात आणि मुलगा इकडे सुटल्याचा श्वास सोडतो. मग तुझ्यावर ओरडलो. त्या बाईवर ओरडलो. वकील वगैरे कुणी नाही, मी कुणालाच विचारलं नव्हतं.

तुला हवं तेवढं रागाव. काल थेरेसा सरळ उठली आणि कॅलेंडर घेऊन आली. बारा मेला माझी तपासणी आहे. मी कुठलीही गोळी घेत नाही, हे मी डॉक्टरला स्वतः सांगून आलो. धोके सगळे विचारले. त्याने तेच सांगितलं जे तू जानेवारीत लिहिलं होतंस, आकडेसुद्धा तेच. आत काय निघेल माहीत नाही. नऊ महिने मी फुकट घालवले, ते कुठल्या डॉक्टरवर ढकलता येत नाहीत.

तुझं सहा तारखेला होईल. दुसऱ्या दिवशी थेरेसा फोन करेल, तिला नीट सांग.

पप्पांना तूच सांग माझं. मला नाही जमणार.

नको, थांब. सांगू नकोस. हे पत्र तुला मिळेल तोपर्यंत माझा फोन येऊन गेलेला असेल. उद्या शुक्रवार, मला सुट्टी आहे. मीच सांगतो त्यांना, घाई न करता.

तुझा,
कॉन्रॅड